सहलीत मी अडवलेलं पाणी

माझा आवाज मोठा आहे. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या बाईला हाका मारून मारून तो असा झाला, असं मी लोकांना सांगते. माझी आई सांगते, तू जन्मलीस तेव्हाच शेजारचे धावून आले होते. त्यात डोकं लवकर तापतं. ग्रामसभेत बोलते, राशनच्या दुकानात बोलते, गोंदियाच्या बाजारात भाजीवाल्याशी हिंदीतून भांडते आणि हिंदी संपली की आपल्या बोलीत भांडते. घरात तर बोलतेच बोलते. नवरा म्हणतो, हिला झोपेत कोणी चुकीचं सांगितलं तरी ही उठून बसेल.

म्हणून शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर हेडसरांचा मेसेज आला, की शाळेतल्या एकुलत्या एक बाई रजेवर आहेत आणि सहलीत मुलींसोबत कोणाची तरी आई पाहिजे, आणि मी मागचापुढचा विचार न करता ‘मी येते’ असं टाकून दिलं, तेव्हा माझ्या मुलीचं तोंड उतरलं. ही मागच्या जानेवारीतली गोष्ट. आमचं गाव सौंदडजवळ, शाळा सहावी ते आठवीची, आणि मुलगी सातवीत.

“तू कायले येऊन राहिली?” ती दारात उभी राहून म्हणाली.

“काऊन, मी आली तर बस पंक्चर होते?”

“तू मधामधात बोलते.”

मी तिला चांगलंच झापलं. मोठी आली आईला शिकवणारी, आमच्या वेळी आईकडं मान वर करून पाहायची हिंमत नव्हती, वगैरे वगैरे, जे माझ्या तोंडून रोज निघतं ते सगळं निघालं. ती ऐकत राहिली. मी थांबल्यावर तिनं तेच पुन्हा सांगितलं, हळू आवाजात, आणि पुढं जोडलं की तिथं तिला माहिती सांगायची आहे, आणि तिथं मी एक शब्द बोलायचा नाही. सर चुकीचं सांगोत, कोणी काही करो. मला हसूच आलं. बरं बापा, म्हटलं, नाही बोलत.

तिला बोलायचं आहे हे मला आधीच माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जायला निघाले होते. माझी मुलगी वर्गात बोलत नाही. उत्तर येत असतं, पण सरांनी उभं केलं की खाली पाहते. दरवर्षी निकालाच्या दिवशी तेच ऐकायला मिळायचं, ताई, पोरगी हुशार आहे पण तोंड उघडत नाही. माझ्यासारखीच्या पोटी ही अशी अबोल कुठून आली, असं मी चारचौघांत हसून म्हणायचे. या सहलीत हेडसरांनी नवंच काढलं होतं. ठिकाणांची माहिती सरांनी नाही, मुलांनी सांगायची. नागऱ्याच्या जुन्या मंदिराची एका मुलाकडं, कचारगडच्या गुहांची आठवीतल्या मुलींकडं. या दोहोंच्या मधे एक ठिकाण होतं, तिथं पडक्या मंदिरामागं दगडी पायऱ्यांची जुनी बोडी, म्हणजे लहानसं तळं, गाळातून उकरून काढणं चालू होतं. तिथं जुन्या तलावांबद्दल माझ्या मुलीनं सांगायचं. तिनं स्वतः हात वर करून ते मागून घेतलं होतं. मला तिला एकदा लोकांसमोर बोलताना ऐकायचं होतं. बाकी इतिहासाशी माझं काही घेणंदेणं नव्हतं.

तळ्याचा विषय तिनं मागितला यात नवल नाही. आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले, हे आमच्याकडं सोयरिकीच्या बोलणीतसुद्धा सांगतात. ती स्वयंपाकघरात बसून पाठ करायची आणि मी वांगी चिरता चिरता तिला दुरुस्त करायची. पाळ म्हणजे नुसता मातीचा ढीग नाही, पाण्याकडच्या बाजूला दगड लावतात. तलाव भरला की जास्तीचं पाणी कुठून जाईल ते आधी ठरवतात, मग पाळ घालतात. असं नाही, तसं सांग. मोठ्यानं सांग. घशात काय अडकलं आहे काय तुझ्या? ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आता पाण्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जानेवारीत आमच्याकडं उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकलेले असतात. तलावाचं पाणी पाळीनं मिळतं आणि त्यासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. पण एक गोष्ट भांडणातसुद्धा पाळली जाते. पाट कुठं फुटला, खेकड्यानं भोक पाडलं, ढोराचा पाय पडून काठ खचला आणि पाणी वाया जाताना दिसलं, तर ज्याला दिसेल त्यानं ते तिथंच बुजवायचं. शेत कोणाचं, पाणी कोणाचं, विचारायचं नाही. लग्नाला चाललेला माणूस नवं धोतर वर खोचून चिखलात उतरतो. न बुजवता निघून गेलेलं कोणी पाहिलं तर गावात त्याची शोभा होते, डोळे फुटले होते काय, असं त्याला तोंडावर विचारतात. मला हे कोणी शिकवलेलं आठवत नाही. वाहतं पाणी दिसलं की हात आपोआप जातात.

सहलीच्या दिवशी सकाळी थंडी भलतीच होती. पोट्टे कानाला मफलर बांधून आले, आणि एकूणएक पोट्ट्याच्या हातात टॉर्च. कचारगडच्या गुहेत आत अंधार असतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे मंदिरं, तळी, सगळं त्यांच्या लेखी गुहेच्या आधी उरकून टाकायचं काम होतं. माझी मुलगी पुढच्या सीटवर मैत्रिणींसोबत बसली. मी मागं, उलटी होईल असं म्हणणाऱ्या सहावीच्या दोघींच्या मधे, हातात पिशवी उघडी धरून.

मी बोलले नाही. हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. नागऱ्याला त्या मुलानं मंदिराची माहिती सांगितली ती अर्धी चुकीची होती हे मलाही कळत होतं, तरी मी खांबांकडं पाहत उभी राहिले. पुढं बिरसीजवळ शिकाऊ वैमानिकाचं एक बारकं विमान डोक्यावर घिरट्या घालू लागलं आणि सगळी बस एका बाजूला झाली. हेडसर ओरडले, आपण इतिहास पाहायला निघालो, विमान काय पाहता, आणि मग स्वतःच मोबाईल काढून खिडकीतून फोटो घेत बसले. एरवी मी सरांना सोडलं नसतं. मी पदराआड हसले. मुलीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, मी तोंडावर बोट ठेवलं, आणि ती हसली. ती अशी माझ्याकडं पाहून हसली की मला भरून पावल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या ठिकाणाचं नाव मी लिहीत नाही. आमगावच्या पुढं आहे इतकं पुरे, तिथली माणसं मला विसरली असतील तर विसरू देत. पडकं मंदिर, मागं मोहाची झाडं, आणि त्याच्या मागं ती बोडी. काम पाहणारे एक तरुण साहेब होते, हिंदी बोलणारे, टोपीवाले. त्यांनी मुलांना बोडीच्या काठावर नेऊन काय चाललं आहे ते समजावलं असं मला नंतर कळलं. मी तेव्हा तिथं नव्हते. सहावीच्या दोघींपैकी एकीनं शेवटी उलटी केलीच आणि दुसरीला आडोशाला जायचं होतं, म्हणून मी दोघींना घेऊन झाडांमागं गेले होते. परत आले तेव्हा मुलं पांगली होती. मुलगी म्हणाली, तिचं बोलणं जेवणानंतर आहे. आता मोटार चालू आहे, आवाज ऐकू जाणार नाही, जेवण झाल्यावर साहेब मोटार बंद करतील मग सगळे पायऱ्यांवर बसतील आणि ती सांगेल.

“भेव वाटते काय?” मी विचारलं.

“थोडंसं,” ती म्हणाली, आणि ओठ हलवत पुन्हा पाठ करू लागली.

कोणती मोटार, कायची मोटार, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवारात मोटारीचा आवाज तर असतोच. एकीचं तोंड धुवायला पाणी पाहावं म्हणून मी मातीच्या एका मोठ्या ढिगाला वळसा घालून पलीकडं गेले. तिथं बेशरमाच्या झुडपांतून एक काळा पाईप बाहेर आला होता आणि त्यातून पाणी धो धो एका नालीत पडत होतं. नाली पुढं जाऊन पडीक जमिनीत संपत होती. नुसते गोटे, पळसाची खुरटी झाडं, आणि त्यात ते निर्मळ पाणी मुरून चाललं होतं. डाव्या हाताला कोणाची तरी बांधी कोरडी पडली होती, आणि तिच्या पलीकडं पऱ्ह्यांचा हिरवा तुकडा दिसत होता, कडेनं पिवळा पडू लागलेला.

माझं डोकं तापलं. कसले लोक आहेत हे, म्हटलं. बांधीचं तोंड नीट धरता येत नाही आणि उन्हाळी धान लावायला निघाले. मी पोरीचं तोंड धुतलं, तिला पाठवून दिलं, लुगडं खोचलं आणि खाली बसले. नाली जिथं वळत होती तिथं आधी एक चपटा दगड आडवा घातला. मग ढेकळं. जवळच तणसाचा पेंढा पडला होता, तो पिळून फटींत कोंबला, वर पुन्हा माती, आणि टाचेनं दाबून दाबून बसवली. माझा बांध गळत नाही. नवऱ्यानं घातलेला गळतो, माझा नाही. पाणी थांबलं, फुगलं, डावीकडं वळल्यासारखं वाटलं. आता जाईल बांधीत, म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं. कोणाशी एक शब्द न बोलता एक चांगलं काम करून झालं होतं.

मी हातपाय धूत होते तेव्हा मुलगी मला शोधत आली. “जेवाले चाल. काय करून राहिली?”

“काही नाही. पाणी वाया जाऊन राहिलं होतं,” मी म्हटलं.

तिनं नालीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ती साहेबांचं समजावणं ऐकून आली होती, पण त्यांनी सांगितलेलं पाणी हेच, हे तिच्याही लक्षात आलं नसावं. पाईप झुडपांत होता आणि बोडी ढिगाच्या पलीकडं. आम्ही दोघी जेवायला गेलो.

मोहाच्या झाडाखाली डबे उघडले. मी सगळ्या मुलींना पुरतील इतक्या सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि आलू-वांग्याची भाजी आणली होती. बोडीतला गाळ काढणाऱ्या मजूर बायाही त्यांचे डबे घेऊन दुसऱ्या झाडाखाली बसल्या होत्या. हेडसर माझ्या भाजीचं कौतुक करत होते, आणि मी कधी नव्हे ती नुसती मान हलवत होते. मुलगी जेवली नाही. एक सुवारी हातात धरून बसली होती, ओठ हलतच होते. तेवढ्यात बोडीकडं परत गेलेली एक मजूर बाई आधी ओरडली, मग सगळ्याच.

आम्ही धावलो. मातीचा जो मोठा ढीग मी वळसा घालून ओलांडला होता, ती बोडीतूनच काढलेली माती होती. पाईपातलं पाणीही मोटारीनं बोडीतूनच उपसून टाकलेलं होतं, आणि त्याची नाली ढिगाच्या कडेकडेनं गेलेली होती. मी अडवलेलं पाणी बांधीत गेलंच नव्हतं, ते उलटं फिरून ढिगाखाली मुरलं होतं, आणि अर्धा ढीग खचून पायऱ्यांवरून खाली बोडीत गेला होता. त्याच्या मागून पाणी. त्या माणसांनी किती दिवस घमेल्या-घमेल्यानं वर आणलेली माती, तीच परत. तळाशी नक्षीच्या दगडांची एक ओळ नुकतीच मोकळी झाली होती, ब्रशनं साफ करून ठेवलेली. ती चिखलाखाली दिसतसुद्धा नव्हती. पाणी माझ्या गावचं नव्हतं, त्या जमिनीचा उतार मला काय माहीत. पण हे विचारायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मला एका क्षणात सगळं कळलं. मी काही न बोलता नालीकडं पळाले आणि दोन्ही हातांनी माझाच बांध उपसून काढला. चांगला घातला होता, लवकर निघेना. नखं तुटली. पाणी सुटून पडीक जमिनीकडं धावलं तेव्हा कोपरापर्यंत माझे हात चिखलानं भरले होते.

परत आले तर हेडसरांनी मुलांना ओळीत उभं केलं होतं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. “किसने बंद किया पानी? ये मजाक है क्या?” ते म्हणत होते, वर कळवावं लागेल, शाळेचं नाव द्यावं लागेल, पुन्हा कोणत्याच शाळेच्या पोरांना इथं पाय ठेवू देणार नाही. हेडसर बिचारे गयावया करत होते. मग ते मुलांकडं वळले. “कोणी केलं? खरं सांगा. नाहीतर कोणालाच सोडणार नाही.”

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सर, मी केलं. दोन-तीन शब्द. आणि ते निघेनात. मुलीला दिलेला शब्द वगैरे काही नाही, त्या शब्दाची आठवणही तेव्हा आली नाही. मी घाबरले. साहेब, टोपी, वर कळवणं, शाळेचं नाव, इतक्या बाया माझ्याकडं पाहतील, कोहळ्याची बाई आणि पाणी कुठं अडवावं हे कळलं नाही. ग्रामसभेत सरपंचाला गप्प करणारी मी तिथं तोंड मिटून उभी राहिले. मला त्या उभं राहण्याची जितकी लाज वाटते तितकी बांधाचीही वाटत नाही.

माझी मुलगी ओळीतून बाहेर आली. “सर, मी केलं,” ती म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. शेवटच्या मुलापर्यंत ऐकू गेलं.

“नाही सर,” माझ्या तोंडून तेव्हा निघालं, आणि मोठ्यानं निघालं. “तिनं नाही केलं. मी केलं. मी बांध घातला, मला वाटलं पाणी वाया जाऊन राहिलं.” मी माझे हात पुढं केले.

हेडसर माझ्या हातांकडं पाहून नरमले. “ताई, तुम्ही बांध फोडायला धावलात ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही होत्या म्हणून एवढ्यावर निभावलं. पण आता मधात पडू नका. आईचं काळीज आहे, समजते मला. पोरांना असं पाठीशी घातलं तर ते शिकतील काय?”

“अहो सर, खरंच मीच…”

“तुम्ही तलाववाली माणसं, ताई. तुम्हाला पाणी कळते. तुम्ही असं करालच कशा?”

मी मुलीकडं पाहिलं. म्हटलं, ही तरी आता सांगेल. ती सरांकडं पाहत होती. “आई खोटं बोलून राहिली सर,” ती म्हणाली. “मी खेळता खेळता केलं.”

साहेबांनी हात झटकला. “मॅडम, आप रहने दीजिए.” एक मजूर बाई माझ्याकडं पाहून हळहळली, लेकरासाठी बापा करतेच माय, असं काहीतरी दुसरीला म्हणाली. मी शपथ घ्यायला निघाले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेते म्हटलं, आणि त्यानं तर माझं खोटं आणखीच पक्कं झालं. जन्मभर मी खरं-खोटं सगळं ओरडून सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. त्या दिवशी खरं सांगितलं तर एक माणूस विश्वास ठेवेना.

हेडसरांनी तिला साहेबांसमोर कान धरायला लावले. तिनं धरले. “सॉरी सर, गलती हो गई,” ती म्हणाली. मग मजूर बायांसमोरही तसंच. तिची वर्गातली मुलं पाहत होती, सहावीची पोट्टीसुद्धा पाहत होती. मी तिथंच उभी होते. पायाखालची माती मला घेईल तर बरं असं लोक म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

तलावाबद्दल कोणी काही बोललं नाही. कोण ऐकणार होतं? साहेबांनी मोटार बंदच केली नाही, आता ती संध्याकाळपर्यंत चालवायची होती. मी एका बाईच्या हातातून घमेलं घेतलं आणि बोडीत उतरले. राहू द्या हो, बस थांबली आहे तुमची, ती म्हणाली. मी ऐकलं नाही. चिखल भरून वर देत राहिले, वरून बाया घेत राहिल्या. मुलीनं खाली उतरायला पाय टाकला तेव्हा हेडसर ओरडले, तू लांबच राहा. ती मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. तिच्याजवळ कोणी गेलं नाही.

नक्षीच्या दगडांपैकी मोजकेच मोकळे झाले असतील, हेडसरांनी हाक मारली की आता निघायलाच पाहिजे. आणि बसमध्ये चढल्यावर त्यांनी सांगितलं की कचारगड रद्द. जाईजाईपर्यंत अंधार पडेल.

“सर, गुहेत तर दिवसाही अंधारच असते,” मागून एक मुलगा म्हणाला. कोणी हसलं नाही. बस सौंदडच्या दिशेनं वळली. थोड्या वेळानं बाहेर अंधारून आलं तशा मुलांनी टॉर्च काढल्या आणि बसच्या छतावर झोत टाकत बसली. कोणीतरी माझ्या मुलीचं नाव घेऊन म्हणालं, हिच्यामुळं. मग आणखी एकानं तेच म्हटलं. आठवीच्या ज्या मुली गुहेची माहिती सांगणार होत्या त्यांतली एक रडत होती.

मी उठले, बसच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, पोरांनो, तिनं नाही केलं, मी केलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मोठी माणसं समजूत घालायला लागली की मुलं पाहतात. हेडसर म्हणाले, बसा ताई, गाडी हलते.

पुढच्या सीटवर ती एकटीच होती, मैत्रिणी दुसरीकडं जाऊन बसल्या होत्या. मी तिच्याजवळ बसले. माझ्या लुगड्याला चिखलाचा वास येत होता.

“काऊन सांगितलं तू असं?” मी शेवटी विचारलं. हळू विचारलं, माझ्या मानानं.

ती खिडकीबाहेर पाहत होती. “ते तुले रागावले असते ना. सगळ्यांसमोर.”

“मग रागावू द्यायचं होतं. मी मोठी आहे.”

“तुले सवय नाही,” ती म्हणाली. “मले आहे.”

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. मला पोहता येतं, असं कोणी सांगावं तितक्या साधेपणानं बोलली. कोण रागावतं तुला एवढं, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. सर तिला कधी रागावत नाहीत. बाप तर तिला लाडानंच वागवतो.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. केसांवरून हात फिरवावा म्हणून मी हात उचलला. तिनं पटकन डोळे मिटले आणि मान खांद्यांत ओढून घेतली.

मी हात खाली घेतला, माझ्याच मांडीवर ठेवला. तिनं डोळे उघडून आधी त्या हाताकडं पाहिलं, मग हळूहळू मान सरळ केली.